चौकटीतली ओळ

मित्रांनो, ग्रनोब्ल शहरातल्या एका विज्ञानसंस्थेत भिंतीला पाठ लावून मी जुना फळा उभा आहे. खाणीतून काळा दगड म्हणून निघालो तेव्हा मला एका अक्षराचीही ओळख नव्हती. ती गिल्दास केरवेला यांनी करून दिली.

गिल्दास सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्याजवळ ना यंत्र, ना भट्टी. खडू आणि मी, एवढाच संसार. लोखंड तापवत नेलं की त्याचं चुंबकत्व नेमकं कसं मावळतं, हे कोडं त्यांनी सहा वर्षं माझ्यावर मांडलं आणि पुसलं. एका दुपारी, जेवणानंतरच्या कॉफीच्या वेळी, उत्तर हाती आलं. त्यांनी भोवती चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'.

तिथली रीतच तशी. हे शब्द दिसले की कोणी हात लावत नाही. अकरा वर्षं कोणी लावला नाही. लांबलांबचे लोक येऊन माझे फोटो काढत. मी फुगून गेलो होतो.

मग त्यांची विद्यार्थिनी माथिल्द आली. तिचं उत्तर चौकटीशी काही जुळेना, आणि प्रबंध द्यायला दोनच महिने उरले होते.

"प्रत्यक्ष मोजलेलं माझ्याशी जुळतंय, गिल्दास."

"मोजणारे चुकले असतील."

"तीन प्रयोगशाळा? एकदम?"

"मग तू चुकलीस!"

शेजारच्या खोलीतले म्हातारे इव्हों कॉफी ढवळत म्हणाले, "गिल्दास, चौकटीपुढे मेणबत्ती तेवढी लावायची राहिलीय बघ!"

माथिल्द कागद गोळा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिल्दास एकटेच आले. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली उतरले. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. तिथे उण्याचं अधिक झालं होतं. त्यांना सगळं गुपचूप पुसून सफाईवाल्यांवर ढकलता आलं असतं.

दुपारी कॉफीला सगळे जमल्यावर त्यांनी ओला स्पंज उचलला.

"चौथी ओळ. चूक माझी आहे. माथिल्दचं बरोबर आहे."

माथिल्दचा प्रबंध वेळेत गेला. गिल्दासांनी मात्र गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच त्या हिवाळ्यात गिल्दास वारले.

आता त्या अर्ध्या ओळींखाली कोणीतरी प्रेमानं 'पुसू नये' लिहिलं आहे. मला काचेत ठेवणार म्हणतात. माझा जीव घाबरा होतो. मित्रांनो, मला जपायचंच असेल तर काच नको. कोणीतरी खडू घेऊन या, एकेक ओळ तपासा, आणि मग माझ्यावरून ओला स्पंज फिरवा.