ओझेलाताईंचा अर्धा गोऱ्हा

गेल्या वर्षी माहेरच्या रविवाराच्या आदल्या दिवशी आमच्या चर्चने विकलेल्या ताटांपैकी एकोणीस ताटांतलं मांस परत आलं. कुणी भांडायला आलं नाही. आमच्या शिलो क्रीक गावात तशी रीत नाही. लोकांनी शेंगा खाल्ल्या, मक्याची भाकर खाल्ली, रताळी चाटूनपुसून खाल्ली आणि मांस तेवढं कागदात गुंडाळून स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवून गेले. ओझेलाताईंनी त्यातला एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग हातावर काढून पाहिला.

"चाळीस मैलांवरच्या दुकानातनं आणलं आपण हे," त्या मला म्हणाल्या. "पातेल्यात अर्धं पाणी सुटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. आर्लेथा, ऐकून ठेव. पुढच्या वर्षी दुकानातलं मांस या दारातून आत आलं, तर मी याच दारातून बाहेर."

ओझेलाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकाहत्तर, आणि चर्चचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात येऊन सव्वीस वर्षं झालेली. त्यांनी 'तर' म्हटलं की पुढचं वाक्य घडतंच, हे मी लग्नापासून पाहत आले आहे.

माहेरचा रविवार म्हणजे गाव सोडून गेलेली सगळी लेकरंबाळं वर्षातून एकदा चर्चमध्ये परततात तो दिवस. आणि यंदा त्याला एक मोठं कारण होतं. यंदा आम्हाला रेव्हरंड प्युरिफॉय यांना आणायचं होतं.

एकतीस वर्षं ते आमचे पाळक होते. त्यांचा उपदेश बोलण्यानं सुरू व्हायचा, अगदी शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसा. मग हळूहळू आवाज चढायचा, शब्दांना ठेका सापडायचा, आणि एका क्षणी लक्षात यायचं की हे आता बोलत नाहीत, गाताहेत. मी ऑर्गनवर बसलेली. त्यांचा सूर शोधून त्याखाली हात द्यायचा, हे माझं काम. ते एक ओळ टाकायचे, लोक झेलून परत द्यायचे, आणि छपराखालची चिमणीसुद्धा गप्प व्हायची. देवाची शपथ, त्या सुरात माझी कितीतरी दुखणी विरघळली. सध्याचे आमचे पाळक भला माणूस. पण ते टॅबलेटवरून वाचतात. एकदा मध्येच बॅटरी संपली, तर कृपेचा प्रवाह चार्जर सापडेपर्यंत थांबला होता.

रेव्हरंड आता शहाऐंशी वर्षांचे. दृष्टी गेली, तसे ते अर्कान्सासमधल्या पाइन ब्लफला मुलीकडे राहायला गेले. गावातल्या विशीतल्या पोरांनी त्यांचा उपदेश ऐकलाच नव्हता. त्यांची मुलगी डोरिंडा फोनवर म्हणाली होती, "विमानाची दोन तिकिटं काढा, त्यांचं आणि माझं, तर विचार करते." तिकिटांचे पैसे शनिवारी ताटं विकून उभे करायचे आणि त्याच संध्याकाळच्या विमानानं त्यांना आणायचं, असं ठरलं.

म्हणून मे महिन्यात ओझेलाताई मला घेऊन क्लिओथा बॅटलच्या गुरांच्या रँचवर गेल्या. क्लिओथाच्या आजोबांपासून ती जमीन त्यांच्याकडे. माणूस साठीचा, बोलणं मोजकं, आणि बायको गेल्यापासून चर्चला पाठ.

"रविवारी दिसत नाहीस," ओझेलाताईंनी गाडीतून उतरायच्या आधीच तोफ डागली.

"गुरं रविवार पाळत नाहीत, ओझेलाबाई."

"तुझ्यापेक्षा तीच बरी. त्यांना निदान ठाऊक नाही."

तो हसला आणि कुरणाकडे तोंड करून त्यानं हाक दिली. तशी हाक मी आधी जवळून ऐकली नव्हती. छातीच्या तळातून निघाली, वर चढली आणि तिथेच टिकून राहिली, इतकी लांब की आपणच श्वास घ्यावा. पलीकडच्या ओढ्याकाठून काळी गुरं माना वर करून चालत आली.

ओझेलाताईंनी कुंपणाला टेकून एक गोऱ्हा निवडला. रुंद पाठीचा, शांत डोळ्यांचा.

"अर्धा घ्या," क्लिओथा म्हणाला. "अर्ध्याला गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. ऑगस्टमध्ये खाटीकखान्याची तारीख घेतो. मांस चौदा दिवस थंड खोलीत टांगून ठेवल्याशिवाय कापू देत नाही मी."

ऑगस्टमध्ये खाटीकखान्यातून फोन आला. तिथली बाई एकेक विचारत गेली आणि ओझेलाताई लग्नाच्या याद्या केल्यासारखी उत्तरं देत गेल्या. फरा अख्खा ठेवायचा. पाठीचे तुकडे दीड बोट जाडीचे. खिमा एकेक पौंडाच्या पुड्यांत. नळ्या हव्यात. शेपूट हवी.

"दुसऱ्या अर्ध्यावाल्यांनी शेपूट मागितली नाही का?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मागायच्या आत मी मागितली," ओझेलाताई म्हणाल्या. "रेव्हरंडना शेपटीचा रस्सा लागतो."

एकशे बारा लोकांनी ताटांसाठी नावं दिली. दुकानातलं नाही, क्लिओथाचं मांस आहे, हे ऐकून नावं वाढत गेली.

रविवार तीन दिवसांवर आला तेव्हा, गुरुवारी, आम्ही मांस आणायला गेलो. पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या, गोठून दगड झालेल्या. प्रत्येकीवर निळा शिक्का. मी चष्मा लावून वाचला: विक्रीस मनाई.

"हे काय?" ओझेलाताईंनी विचारलं.

काउंटरवरची बाई म्हणाली, "आम्ही फक्त मालकासाठी कापून देतो, मॅडम. जिवंत जनावर तुम्ही विकत घेतलंत, म्हणजे ते तुमचं. तुम्ही खा, घरच्यांना घाला, पाहुण्यांना घाला. विकायचं मात्र नाही. विकायचं असेल तर सरकारी निरीक्षक असतो त्या खाटीकखान्यात कापावं लागतं. तो टल्साकडे आहे, आणि त्यांच्याकडे मार्चपर्यंत तारीख नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विकणार आहात, हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

ओझेलाताईंनी शिक्क्यावर अंगठा घासून पाहिला. सांगितलं नव्हतंच. क्लिओथाला वाटलं, घरात खाणारी माणसं पुष्कळ असतील.

संध्याकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात डीकन लुशियस आले. चर्चचा कारभार त्यांच्याकडे. पायात आरसा दिसावा असे चकचकीत बूट. बूट सांभाळत ते पुड्यांच्या खोक्यांभोवती फिरले.

"मी म्हटलं होतं, दुकानातनं घ्या. आता उद्या सकाळी जाऊन दुकानातनं घेऊन येऊ."

"एकशे बारा जणांना सांगितलंय, क्लिओथाचं आहे म्हणून."

"मग हेच शिजवा. कागद काढला की शिक्का गेला. पातेल्यात कोण वाचायला जातंय?"

ओझेलाताईंनी हात पुसले. "लुशियस, ज्याच्या तोंडून देवाचं वचन ऐकायचं, त्याच्या तिकिटाचे पैसे लबाडीनं आणायचे? त्या उपदेशात मी कुठल्या तोंडानं आमेन म्हणू?"

"मग रेव्हरंड येत नाहीत," डीकन म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांच्याही आवाजात दुःख होतं. त्यांचा बाप्तिस्मा रेव्हरंडच्याच हातचा.

ओझेलाताई स्टुलावर बसल्या. त्या बसल्या म्हणजे काहीतरी ठरणार. मी मनातल्या मनात प्रार्थना करत नळ उगीच घट्ट करत राहिले.

"पाहुण्यांना घालता येतं म्हणाली ना ती?"

"हो."

"मग एकशे बाराही माझे पाहुणे. ताट विकायचं नाही. आर्लेथा, यादी घे, फोन लाव. सांग, शनिवारी नाही, रविवारी उपदेशानंतर या, पैसे घरी ठेवून या."

"आणि तिकिटं?"

"तिकीट विमानाला लागतं. मी त्यांना रस्त्यानं आणते."

"ताई, तुमचा मोतीबिंदू! पाच तासांचा रस्ता आहे."

"म्हणून तर क्लिओथाची गाडी."

क्लिओथा फोनवर आधी नुसता खाकरला. "शनिवारी गुरांना चारा-पाणी असतं."

"तुझी गुरं शनिवारही पाळत नाहीत वाटतं?"

"ओझेलाबाई, त्यांच्याकडे बघायला माणूस हवा. दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

ओझेलाताईंची नजर डीकनच्या बुटांवर गेली आणि तिथेच थांबली.

"नाही हं," डीकन म्हणाले. "ओझेला, नाही. मला गुरांची ओळख नाही."

"ओळख करून देते की. त्यातल्या एकाचा भाऊ इथे खोक्यात आहे."

शनिवारी उजाडता आम्ही तिघं निघालो. बाकीच्या बायकांना फरे मंद आचेवर ठेवायची कामं वाटून दिली होती. ओझेलाताईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं गरम भांडं होतं. शुक्रवारी दुपारभर शिजवलेला शेपटीचा रस्सा, निघताना पुन्हा कढवलेला. अर्कान्सासची हद्द येईपर्यंत त्यांनी त्यावरचा हात काढला नाही.

डोरिंडानं दार उघडलं. नर्सच्या कपड्यात, रात्रपाळीहून आलेली. तिनं आमच्याकडे पाहिलं, मागच्या शेणानं माखलेल्या पिकअपकडे पाहिलं.

"तिकिटं कुठे आहेत?"

ओझेलाताईंनी जे घडलं ते शिक्क्यासकट सांगितलं. काही लपवलं नाही.

"त्या गाडीतून? शहाऐंशी वर्षांच्या माणसाला?" डोरिंडा दारात आडवी उभी राहिली. "आणि नेऊन करणार काय? ते आता गात नाहीत, मावशी. श्वास पुरत नाही त्यांना. दोन वाक्यं बोलले की थांबतात. लोकांसमोर त्यांची शोभा व्हावी, असं मला नको आहे."

मी गाडीकडे वळू लागले. ओझेलाताईंचा आवाज मात्र हलला नाही. "नाही गायले तर नाही. नुसते बसू देत. ज्यांना त्यांनी पाण्यात उभं करून बाप्तिस्मा दिला, ती पोरं त्यांना भेटू देत. सीटवर गादी घातली आहे. दर तासाला थांबू. तू शेजारी बस, नाडीवर हात ठेव. तू म्हणशील तिथून परत फिरू."

"डोरिंडा," आतून आवाज आला. बारीक, पण तोच. "कसला वास येतोय?"

टेबलाशी बसून रेव्हरंडनी रस्सा चाखला. हाड न् हाड चोखलं. आम्ही सगळे उभेच होतो.

"हे दुकानातलं नाही. कुणाचं?"

"माझं, साहेब. क्लिओथा बॅटल."

आंधळे डोळे आवाजाकडे वळले. "तुझ्या बायकोला मीच निरोप दिला होता. शेवटचं गाणं तू म्हणायला उठलास आणि पहिल्याच ओळीला थांबलास."

क्लिओथानं टोपी हातात घेतली. "नंतर जमलंच नाही, साहेब."

"हं. मला पण आता पुरं जमत नाही." म्हाताऱ्यानं बोटं पुसली. "डोरिंडा, माझा काळा कोट काढ."

तिनं बापाची नाडी पाहिली. मग कोट आणायला गेली आणि येताना स्वतःची उशीही घेऊन आली.

रविवारी चर्चमध्ये खुर्च्या कमी पडल्या. क्लिओथा शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसला होता. निघून जायला सोपं पडावं म्हणून, असं मला वाटलं. रेव्हरंडना मंचावर खुर्चीत बसवलं. मागे डोरिंडा उभी.

ते साधंच बोलू लागले. "माझ्याकडे तिकीट नव्हतं," ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "डोळे नव्हते. पायांत बळ नव्हतं." थांबले. मग ठेका सापडला. ऑर्गनवर माझ्या बोटांना सूर कळला, सा तिथेच होता, एकतीस वर्षं होता तिथेच.

"पण कुणीतरी — दार ठोठावलं —"

"ठोठावलं!" लोक म्हणाले.

"म्हणालं — आम्ही न्यायला आलो —"

"न्यायला आलो!"

आवाज चढला. विशीतली पोरं पुढे सरकली. आणि वरच्या सुरावर नेमका श्वास तुटला. तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. डोरिंडा वाकली. मी सूर धरून ठेवला, पण ऑर्गन काही बोलत नाही. सगळे पुढचा शब्द त्यांच्याकडूनच यायची वाट बघत होते. तशीच रीत आहे.

तेव्हा शेवटच्या बाकावरून ती हाक आली. छातीच्या तळातून निघाली, वर चढली, रेव्हरंडनी सोडलेला सूर तिनं बरोबर पकडला आणि धरून ठेवला. 'आलो' एवढाच शब्द, क्लिओथाच्या तोंडून, ओढ्यापलीकडे पोहोचेल इतका लांब. रेव्हरंडनी तेवढ्यात श्वास भरून घेतला, चेहरा उजळला, आणि पुढची ओळ टाकली. ती तुटली, क्लिओथानं धरली. पुढची टाकली, पुन्हा धरली. दोन माणसांत मिळून तो उपदेश पुरा झाला. तिसऱ्या ओळीपासून क्लिओथाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज मोडला नाही. आमेन सगळ्यात मोठ्यानं ओझेलाताईंनी म्हटलं, स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पळी.

मग बाहेर झाडाखाली टेबलं मांडली. कुणाकडूनही एक डॉलर घेतला नाही. देऊ करणाऱ्यांना ओझेलाताई म्हणायच्या, "पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा बस." यंदा पायरीवर कागदाची एकही पुडी आली नाही, मी दोनदा जाऊन पाहिलं.

क्लिओथा रेव्हरंडच्या शेजारी बसला होता. डीकन लुशियस ताट घेऊन त्याच्यासमोर आले. पायात रबरी गमबूट, कालपासूनचेच.

"तुझी ती पांढऱ्या कपाळाची," ते म्हणाले, "फार आडमुठी आहे."

"हाक मारली होती का?"

"घसा बसेपर्यंत."

"खालून काढायची, डीकन. पोटातनं," रेव्हरंड म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं. "ओझेला, शेपूट उरली आहे का?"

"तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहे," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.