रंगाऱ्याच्या झोपेतला झटका

मी एक जुना लोखंडी पलंग आहे, मित्रांनो. लोहाराने मला घडवलं तेव्हा माझा एकही सांधा कुरकुरत नव्हता. उंच इमारतींना रंग देणाऱ्या एका रंगाऱ्याच्या लग्नात मी या घरी आलो. "किती ऐसपैस आहे हो!" असं म्हणत त्याच्या बायकोने माझ्यावरून हात फिरवला होता.

रंगारी दिवसभर दोरांना टांगलेल्या फळीवर काम करायचा. घरी आला की माझ्यावर अंग टाकायचा. डोळा लागतो न लागतो तोच त्याचा पाय ताडकन उडायचा. मी करकरायचो, बायको दचकायची.

"काय झालं हो?"

"पडलो असं वाटलं. पायाखालची फळीच सुटली."

त्याची धाकटी बहीण दवाखान्यात नर्स होती. हे ऐकून ती हसली. "अगं वहिनी, झोप लागताना अंग सैल पडतं, तेव्हा असा झटका बसतो. नक्की का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण बहुतेकांना बसतो. दमणूक, जागरण, फार चहा, यांनी वाढतो. दादा, जरा नीट झोपत जा."

"झोपायला सवड कुणाला आहे?" तो म्हणाला.

इमारत लवकर संपवायची होती. चहावर चहा झाले, झटके वाढले. मग त्याला झोपेचीच धास्ती बसली. डोळे मिटले की पडायला होतं म्हणून तो माझ्या काठावर नुसता बसून राहायचा. त्या भाराने माझा एक पाय वाकला. कुणाचं लक्षच नव्हतं.

"आज जाऊ नका," एका सकाळी बायको म्हणाली. "डोळे बघा कसे झालेत."

"काही होत नाही गं."

त्या दुपारी फळीवर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. तोच झटका बसला, आणि या वेळी तो खरोखरच फळीवरून गेला. कमरेला दोराने बांधलेला पट्टा होता म्हणून सोबत्यांनी ओढून घेईपर्यंत तो हवेत लटकत राहिला. संध्याकाळी माझ्यावर बसून त्याने हे बायकोला सांगितलं.

आता तो घरांच्या आतल्या भिंती रंगवतो. पण माझ्यावर झोपत नाही. खाली चटई टाकतो. "इथून आणखी कुठे पडणार?" म्हणतो. बायको वरून हात सोडून त्याच्या खांद्यावर ठेवते.

मित्रांनो, त्या झटक्याला भिऊ नका. पण दमलेल्या अंगाला झोप नाकारू नका. ती शेवटी येतेच. कुठे गाठायचं, हे मात्र तुम्हाला विचारत नाही.