जखम लाल झाली त्या दिवशी

स्तनातली गाठ काढल्यावर इंदुबाईची केमो सुरू झाली, तेव्हा अमोलने आईला पेणजवळच्या गावातून रोह्याला आपल्या घरी आणलं आणि मागची खोली तिला दिली. सून दिपिका नर्स होती. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, “आई, या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अंगात जंतू शिरला की आधी त्याच धावून जातात. त्या भरून येईपर्यंत तुम्ही कुणाला भेटायचं नाय.”

इंदुबाईला ते पटलं नाही. तिचा जन्म मिठागरात गेला होता. पायाच्या भेगांत मीठ भरायचं, चिखल जायचा. जखम सुजायची, पू व्हायचा, फुटून आपोआप सुकायची. डॉक्टरची पायरी कधी चढावी लागली नव्हती.

अमोल नागोठण्याला शिफ्टला जायचा, दिपिका ड्युटीला. नात सुरभी, तिला सर्दी झाली म्हणून मामाकडे ठेवलेली. दिपिका मास्क लावून स्टुलावर ताट ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या, स्टेशनातल्या गाड्यांचे भोंगे, एवढीच काय ती इंदुबाईला सोबत.

एक दिवस मिठागरातली मैत्रीण धोंडुबाई एसटीने आली. हातात सुकटीच्या चटणीचा डबा. दारातच तिला खोकला आला आणि दिपिका आडवी आली.

“मावशी, खोकला हाय तुम्हाला. आत नाय सोडता यायचं.”

“एका ताटात जेवलेल्या बायका गो आम्ही!”

आतून इंदुबाई सगळं ऐकत होती. हाक मारायला गेली, पण केमोने तोंड आतून सोलवटलं होतं. आवाज दारापर्यंत पोचलाच नाही. धोंडुबाईने डबा पायरीवर ठेवला आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात खाटेखालच्या पेटीचा पत्रा इंदुबाईच्या नडगीला लागला. चांगलं खरचटलं. पण जखम ना सुजली, ना चिघळली. नुसती फिकट, ओलसर राहिली. इंदुबाईने मोठ्या तोऱ्यात सुनेला पाय दाखवला. “बघ, काय बी झाला नाय.”

दिपिकाचा चेहरा उतरला. “आई, सुजायला हवं होतं. पेशी धावून जातात तेव्हाच जागा लाल होते, सुजते. लढून मेल्या की त्यांचाच पू होतो. तुमच्याकडे आता धावून जायला कुणी उरलं नाय.”

इंदुबाईने साडी खाली ओढून पाय झाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. अमोलने रिक्षा आणली. दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. सलाईन, अँटिबायोटिक, पेशी वाढवायची इंजेक्शनं. येणारा प्रत्येक जण मास्क घातलेला; माणसं तिला डोळ्यांवरूनच ओळखावी लागत. ताप उतरला, पेशी हळूहळू वाढल्या, तेव्हा घरी सोडलं.

घरी आल्यावर एका सकाळी नडगी ठणकायला लागली. जखमेच्या कडा लालबुंद, हाताला गरम. दिपिकाने वाकून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“दुखतंय?”

“लय ठणकतंय गो.”

“ठणकू दे. आल्या परत तुमच्या पेशी. तरी औषध चुकवायचं नाय.”

ती जखमेवर पट्टी बांधून ड्युटीला गेली. इंदुबाईने धोंडुबाईला फोन लावला.

“मी इंदू. माझा पाय सुजला गो!”

“अगो बया! मग हसतेस कशाला?”

“चांगला हाय ते. दिपिका बोलली. आता ये तू.”

“खोकला गेला माझा,” धोंडुबाई तुटकपणे म्हणाली. “पन लय लांब पडतो रोहा. बघू.”

“मग मीच येते, बरी झाली की,” इंदुबाई म्हणाली. फोन तोवर बंद झाला होता. तिने पुन्हा नंबर लावला.