‘मुरदाड’च्या सातव्या भागातली आई

बोरी अरबला अमरच्या कृषी केंद्रासमोर एक लांब बाकडं आहे. रविवारी दुपारी त्यावर बसलेल्या मंडळींना कोणी विचारलं असतं, की बाबांनो, तुम्हाला बियाणं हवंय की फवारणीचं औषध, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले असते. मंडळी जमत होती ती ‘मुरदाड’साठी. मोबाईलवर दिसणारी ही मालिका, मेलेली माणसं उठून चालू लागतात त्याची. झरी जामणीच्या जंगलातलं एक गाव, तिथे एकामागून एक मुडदे उठतात आणि ज्याला चावतील त्याला आपल्यासारखं करतात. असल्या मालिका बोरीला काही कमी पाहिल्या जात नाहीत. पण हिच्यात माणसं वऱ्हाडी बोलत होती आणि लिहिणाऱ्यांत गुरुजींचा सुनील होता. म्हणजे घरचंच कार्य. शुक्रवारी नवा भाग यायचा, शनिवारपर्यंत सगळ्यांचा पाहून व्हायचा आणि रविवारी त्याची चिरफाड. घरच्या कार्यातल्या जेवणाला माणूस जास्तच नावं ठेवतो.

शंकरसिंग गुरुजी बाकड्याच्या एका टोकाला बसायचे. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी शर्टाला इस्त्री आणि खिशाला पेन होतंच. शेजारी सदाशिवराव, गुरुजींचा तरुणपणापासूनचा जोडीदार, कपाशी-तुरीचा मोठा शेतकरी. दुकानात अमर, आणि त्याची पुतणी नयन, यवतमाळला कॉलेजात शिकणारी. ती सुट्टीला आली की काकाच्या गल्ल्यावर बसायची आणि काकाचंच बोलणं खोडून काढायची.

“त्या फौजदाराचं काम पाह्यलं काय?” सदाशिवरावांनी तोंड उघडलं. “मुडदा अंगावर येऊन राह्यला अन् हा डोळे बारीक करून उभा! अरे पळ ना लेका!”

“काका, त्याले अॅक्टिंग म्हनतात,” अमर म्हणाला.

“अॅक्टिंग आमी पाह्यली आहे बाबू, दारव्ह्याच्या टॉकीजात. इचार गुरुजीले.”

गुरुजी हसले. एका सायकलवर डबलसीट ते दोघं दारव्ह्याला जात, जाताना सदाशिवराव पायडल मारणार आणि येताना गुरुजी. परतीच्या रस्त्यावर सगळा सिनेमा पुन्हा भांडून व्हायचा. खलनायक नीट मेला की नाही, यावरून एकदा दोघांनी सायकल मध्येच उभी केली होती आणि सदाशिवराव रस्त्यावर आडवे पडून, कसं मरायला पाहिजे होतं ते दाखवत होते. मागून बैलगाडी आली. गाडीवानाला वाटलं, अपघात झाला. तो पाणी घेऊन धावला. ते दिवस आठवले की गुरुजींना आतून बरं वाटायचं, आणि लगेच थोडं वाईटही वाटायचं, कारण ते सगळं घरी जाऊन ज्या माणसाला सांगायचं ते माणूस आता घरात नव्हतं. मानीबाई जाऊन चार वर्षं झाली होती.

“अॅक्टिंगचं जाऊ द्या,” नयन म्हणाली. “ते हिरोईन ‘मले-तुले’ करते ना, तिखट मिरची दाताखाली आल्यासारखं करते. मुंबईची पोरगी दिसते तोंडावरून. एक ‘काहून’ नीट म्हनता येत नाही.”

“अन् दर वाक्यात ‘बे’ घालते,” अमरने री ओढली. “आपन असे बोलतो काय बे?”

सगळे हसले. आपल्याला कशाला हसतात हे अमरला काही कळलं नाही, म्हणून तो सातव्या भागावर आला. त्या भागावर यायची सगळ्यांनाच घाई होती, फक्त गुरुजींना नव्हती.

सातव्या भागात बंजारा तांड्यावरची एक म्हातारी आहे. तिचा मुलगा शहरातून येतो, पण वाटेतच त्याला चावलेलं असतं. उभ्या तुरीतून तो मुरदाड होऊन चालत येतो. तांडा रिकामा होतो, बाया लेकरं काखेत मारून पळतात. ही म्हातारी मात्र सरळ त्याच्यापाशी जाते, त्याच्या गळ्यात हात टाकते, खांद्यावर डोकं ठेवते आणि गात गात रडते. रडणंच, पण सुरात. तू कधी आलास, वाटेत कुठे थांबलास, कोणी पाणी दिलं का, असं सगळं त्या रडण्यात. पुरी अडीच मिनिटं. मुरदाड तेवढा वेळ उभं राहतं. मग चावतं.

“अडीच मिन्टं!” अमर म्हणाला. “म्या तर पुढं ढकललं. आतापर्यंत कसं, घोडा धावून राह्यलता. अन् मधातच गान्याचा कार्यक्रम.”

“अन् किती ओव्हर करते ते बाई!” नयन म्हणाली. “मानूस दुःखात गाते काय?”

“माहा नेम नाही, पन म्या पावडं उचललं असतं,” सदाशिवराव म्हणाले. “पोरगा असो का कोनी. काय गुरुजी?”

“लेखनात प्रयोग करावे लागतात,” गुरुजी म्हणाले. ते पुस्तकातलं मराठी बोलत. चाळीस वर्षं बोरीत राहून त्यांनी एकदाही ‘मले’ म्हटलं नव्हतं, जन्मापासूनची तांड्याची गोरबोली तर लांबच राहिली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुनीलचा. अमरने नेहमीच्या हक्काने फोन हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकून बाकड्यावर ठेवला. दर रविवारी तो असंच करायचा.

“सुनीलभाऊ, सगळी कमिटी बसून आहे. सातवा भाग लांबला भाऊ!”

“माहीत आहे,” सुनीलचा आवाज थकलेला होता. “सगळीकडून तेच चाललंय. बाबा आहेत ना? बाबा, तुम्हालाच विचारायचं होतं. हे लोकही ऐकू देत, काही हरकत नाही. तो रडण्याचा सीन उद्या सकाळी काढून टाकणार आहेत. नवी प्रत चढवणार.”

“काहून?” सदाशिवराव एकदम म्हणाले. दोन मिनिटांपूर्वी हेच पावडं उचलत होते.

“वरचे म्हणतात, ते खोटं आहे. त्यांनी व्हिडिओ शोधले. तांड्यातल्या बाया लेकीला भेटताना, बहिणीला भेटताना असं रडतात, ते त्यांना सापडलं. पण मुलासाठी आई असं रडते हे कुठे दिसलं नाही. तू मनाचं घातलंस, म्हणतात. मी म्हटलं, बाबांना विचारून सांगतो. खरं म्हणजे मलाच माहीत नाही, बाबा. मावशी रडायची तिच्या पोरींसाठी, ते मी पाहिलंय. आई माझ्यासाठी कधीच रडली नाही. होस्टेलातून सहा-सहा महिन्यांनी यायचो, तर ती एसटीपाशी उभी राहून ‘कसा आहेस’ विचारायची. तिचा स्वभावच कोरडा होता. मला लहानपणी वाटायचं, हिला मी आलो काय नि गेलो काय. म्हणून मग आपणच लिहिलं, जे मिळालं नाही ते. पण खोटं असेल तर काढू. तुम्ही म्हणाल ते मी सांगून टाकतो.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

खोटं आहे म्हटलं असतं, तर विषय तिथेच संपला असता. सीन गेला असता, चार दिवसांत लोक विसरले असते आणि गुरुजींची इस्त्री जशीच्या तशी राहिली असती. पण मग त्या पोराच्या मनात त्याची आई कायमची कोरडी राहिली असती. आणि खरं आहे म्हणायचं, तर माझ्यासाठी का नाही रडली, हा पुढचा प्रश्न आलाच असता, आणि त्याचं उत्तर एका गुरुजींनाच ठाऊक होतं.

आपल्या तांड्यातले ते पहिले नोकरदार. बोरीच्या शाळेत लागले तेव्हा बायकोला घेऊन गावात खोली केली आणि घरात नियम केला, घरातसुद्धा मराठीच बोलायचं. सुनीलने मानीबाईला ‘याडी’ म्हणायला सुरुवात केली होती, ते मोडून ‘आई’ शिकवलं. पाचवीला त्याला यवतमाळच्या होस्टेलात टाकलं. पहिली दिवाळीची सुट्टी लागली, आणि आदल्या संध्याकाळी गुरुजी मानीबाईला म्हणाले, उद्या एसटीपाशी हेडमास्तर असतील, चार मोठी माणसं असतील. तिथे गळ्यात पडून रडायचं-गायचं नाही. शोभत नाही.

मानीबाई चूल सारवत होती. तिने हात थांबवून विचारलं होतं, “मंग पोराले भेटू कसं?”

तो प्रश्न गुरुजींना तेव्हा अडाणी वाटला. ते म्हणाले, भेटायचं म्हणजे काय, पाठीवरून हात फिरव, कसा आहेस विचार. दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. धडा पाठ म्हटल्यासारखं विचारलं, “कसा आहेस?” हेडमास्तरांनी कौतुकाने मान डोलावली. गुरुजींना त्या दिवशी आपल्या संसाराचा फार अभिमान वाटला होता. आता तो अभिमान आठवला की त्यांना स्वतःचा राग येई, आणि राग काढायला कोणी समोर नसे.

“बाबा?” फोनमधून आवाज आला. “ऐकू येतंय ना?”

“येतंय,” गुरुजी म्हणाले. “सुनील, तो सीन खरा आहे. आई मुलासाठीही रडते. तुझी आई तुझ्यासाठी रडायची.”

“कधी? मी तर एकदाही...”

“तुझ्यासमोर नाही. तुझ्यासमोर रडायला मी तिला मनाई केली होती.”

नयनने अमरकडे पाहिलं. अमर फोन उचलून स्पीकर बंद करायला गेला, तर गुरुजींनी त्याचा हात धरून बाजूला केला. चार माणसं काय म्हणतील म्हणून मनाई केली होती, आता चार माणसांसमोरच बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं.

“मला लाज वाटायची,” ते म्हणाले. “हेडमास्तर काय म्हणतील, गाव काय म्हणेल. म्हणतील, गुरुजी झाले, पण तांडा काही सुटला नाही. म्हणून तिला म्हटलं, नुसतं ‘कसा आहेस’ विचार. तिने जन्मभर तेवढंच विचारलं.”

“मग रडायची कधी?”

“तू यायच्या आदल्या दिवशी.” गुरुजींचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. “एकदा उन्हाळ्याची सुट्टी लागनार होती. शाळा लवकर सुटली, मी दुपारीच घरी आलतो. दार लोटलेलं होतं. आत ते एकटी बसून होती, तुहा जुना सदरा मांडीवर घेऊन. अन् गात होती. सगळं म्हनत होती, तू कुठून आला, गाडीत जागा भेटली का, होस्टेलात पोटभर देते का कोनी. जसा तू समोरच उभा आहे. उद्या डोळे कोरडे राह्यले पाह्यजे म्हनून आजच सगळं रडून घेत होती. मी बाहेर उन्हात उभा राह्यलो. तिचं झालं, मंग खाकरलो अन् आत गेलो. तिनं सदरा घडी करून ठेवला अन् मले चहा दिला. मी काही बोललो नाही, ते बी काही बोलली नाही. मंग ध्यान ठेवलं, तर दर सुट्टीच्या आदल्या दिवशी ते माही शाळेत जायची वाट पाहे. तू बारावी होईपर्यंत. अन् नोकरीले लागल्यावर बी.”

सदाशिवराव जमिनीकडे पाहत होते. इतक्या वर्षांच्या दोस्तीत गुरुजींच्या तोंडून ‘मले’ त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

“बाबा,” सुनील म्हणाला, “ती गेली तेव्हा मी तिच्या पायाशी उभा होतो, आणि मला रडू येत नव्हतं. मला वाटलं, मी तिच्यावरच गेलोय.”

गुरुजींनी फोन बाकड्यावरून उचलून मांडीवर घेतला.

“तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?”

“हिंमत नाही झाली, बेटा. मुरदाड मीच होतो म्हन.”

रस्त्यावरून दारव्ह्याची एसटी गेली.

“ती काय म्हणायची?” सुनीलने विचारलं. “तिचे शब्द. तुम्हाला आठवतात?”

“आठवतात.”

“म्हणा ना.”

गुरुजींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. समोर पानठेल्यावर दोघं-तिघं उभे होते, त्यांतले दोघं त्यांच्याच हातून शिकलेले. गुरुजींना गाता येत नव्हतं, आणि पुरुषांनी असं रडायची रीत तांड्यातही नव्हती. तरी त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला आणि मानीबाईच्या बोलीत, तिच्या सुरात सुरुवात केली.

“आयो र, मार बेटा आयो...”

आला रे, माझा बेटा आला. सूर फाटका होता. पुढचे शब्द मात्र एकही न चुकता आले, तिने लावलेल्या क्रमाने, गाडीतली जागा, होस्टेलचं जेवण, वाटेतलं पाणी. गुरुजी म्हणत राहिले. दोन ओळींनंतर फोनमधून सुनीलच्या रडण्याचा आवाज येऊ लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. गुरुजींनी त्याला गप्प हो म्हटलं नाही.