पाय हलला तर

भिकुबाईंनी पणतीत तेल ओतलं, वात सारखी केली आणि मला पाटावर बसवलं. त्या माझ्या आत्येसासू. सासरे गेल्यापासून आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मला सातवा महिना लागला होता. पोट सांभाळत कशीबशी मांडी घातली.

"पणती इझाय तवलोंग पाय हालना, ते समज बाहेरनं शे," त्या म्हणाल्या. पणती विझायच्या आत माझा पाय हलला, की बाहेरची बाधा ठरणार होती. "सकायनी एस्टीवर इले साक्रीले धाडी देऊत."

साक्री म्हणजे माझं माहेर. मगनभाऊजींच्या बायकोलाही असंच 'चार दिवसांसाठी' धाडलं होतं. तिला आणायला इथून, पाचोऱ्याहून, कुणी गेलंच नाही. मला ते माहीत होतं आणि माझ्या पोटातलं पोर त्याच वाटेला लागणार होतं.

गुन्हा काय, तर दिवेलागण झाली की माझ्या पायांत, अगदी आत, काहीतरी वळवळायला लागायचं. दुखायचं नाही, पण बसू द्यायचं नाही. उठून चाललं की थांबायचं, म्हणून मी अंगणात फेऱ्या मारायची. भिकुबाईंनी ते पाहिलं आणि घरात कुजबूज सुरू झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नकोस. पाच गरोदर बायांत एखादीला तरी हे होतंच. अंगात रक्त कमी असलं की जास्त. काही घराण्यांत आईकडून लेकीकडे येतं. बाळंत झालीस की बहुतेक थांबेल." हे घरी सांगितलं, तर भिकुबाई म्हणाल्या, "डाक्टरले भूत कशे दखाई?" पालथ्या घड्यावर पाणी!

लोटन, माझा नवरा, दारात उभा होता. शेतात बैलांवर ओरडणारा हा गडी आत्यापुढे मुका. मला त्याचा राग आला, फार राग आला.

"धुरपदा, तू तिन्हा समोर बठ," भिकुबाईंनी माझ्या सासूबाईंना हुकूम सोडला. "गुडघाले गुडघा लाव. पाय हालना का समजी."

"अक्का, भाकरी टाकन्या शेतस."

"ऱ्हाऊ दे भाकरी."

सासूबाई बसल्या. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले. थोड्याच वेळात माझ्या पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली. मी दात आवळले, पाठीला घाम फुटला. डोळे मिटून पोटावर हात ठेवला आणि पोराला म्हटलं, थांब रे बाबा, थोडंच तेल उरलंय.

तेवढ्यात गुडघ्याला हिसका बसला.

"हालना! हालना पाय!" भिकुबाई माझ्याकडे बोट करून ओरडल्या. "दखं का रे लोटन?"

मी डोळे उघडले. माझे पाय जागच्या जागी होते. समोर सासूबाईंनी खालचा ओठ चावून धरला होता आणि पायाचं बोट जमिनीत रुतवलं होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या घरात आल्यापासून मी त्यांना संध्याकाळी बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. जेवण उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने. सगळे म्हणायचे, काय कष्टाळू बाई!

हे सांगावंसं वाटलं, पण सुनेचं कोण ऐकणार? सासूबाई गप्प राहिल्या तर सकाळी मी एस्टीत असणार होते.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"तो मना पाय शे, अक्का."

"काय?"

"सांज व्हयनी का माले बठवस नही. मनी मायलेबी हाईच व्हतं. लोटनना येळे ते मी रातरात चालेल शे. तुमना धाकमुळे कोणले सांगं नही. आते मालेबी धाडा. पण मनं माहेर ते कव्हयच बुडनं. कोठे धाडशात?"

"कोणी कोठेच जावाव नही," लोटनला आता कंठ फुटला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंनी हात देऊन मला पाटावरून उठवलं. मग आम्ही दोघी अंगणात गेलो आणि सगळ्यांच्या देखत चालत राहिलो.