व्हिस्कीच्या पिंपातला आत्मा

ईश्वरप्पांच्या गच्चीवर चाळीस माणसं बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका पिंपावर खिळले होते. जुळे सोलापुरात मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजतासुद्धा फरशी चटके देते. तरी बायकांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, पुरुषांनी चपला जिन्यात काढल्या होत्या आणि कुणीतरी पिंपाला झेंडूचा हार घातला होता. पिंप लाकडी, काळपट, लोखंडी पट्ट्यांचं. वर नरसाळं, खाली पितळी तोटी. समोर सयाजीराव. ते स्वतःला टेस्टिंग मास्टर म्हणवत, पण पुढं तिसऱ्या बैठकीपासून लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले.

त्यांनी साध्या बियरच्या आठ सीलबंद बाटल्या सगळ्यांदेखत उघडल्या आणि तो पिवळा फेसाळ माल नरसाळ्यात ओतला. लाकडी हातोडीनं पिंपावर तीन टोले मारले. डोळे मिटले. तीन मिनिटं तसेच उभे राहिले. मग तोटी फिरवली, आणि ग्लासात उतरली ती काळीभोर, बर्फासारखी गार, व्हिस्कीचा दर्प मारणारी बियर.

“या लाकडानं बारा वर्षं व्हिस्की पोटात ठेवली,” सयाजीराव म्हणाले. “व्हिस्की गेली, आत्मा राहिला. बियर आत गेली की तो तिच्या अंगात येतो. स्कॉटलंडात याला वर्ष लागतं. मी अकरा वर्षं तिथं साधना केली, म्हणून माझ्या हातून तीन मिनिटांत होतं.”

अंगात येणं आपल्याला नवीन नाही. देव येतो, देवी येते, मेलेला चुलता येतो. बियरच्या अंगात व्हिस्की आलेली मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग चवीचा कार्यक्रम. घोट घ्यायच्या आधीच सयाजीराव सांगत, की आता पहिल्यांदा ओलं खोबरं लागेल, मग व्हॅनिला, मग धूर. चाळीस माणसं घोट घेत आणि चाळिसांना ओलं खोबरं लागे. शेजारच्या रुद्रप्पांना तर नारळाची शेंडीही लागली असावी, इतकी त्यांची मान डोलत होती. फक्त ईश्वरप्पांच्या मंडळी, महानंदाबाई, हळूच म्हणाल्या की मला करपलेल्या दुधासारखं लागलं. त्यांना सांगण्यात आलं की तुमची जीभ अजून तयार नाही.

आता यातली खरी हुशारी बघा. ही सगळी माणसं तीन-तीन पिढ्या दारूला न शिवलेल्या घरांतली. बियर कशी लागते हेच इथं कुणाला ठाऊक नव्हतं, व्हिस्कीची तर गोष्टच सोडा. पिणाऱ्यांच्या वस्तीत हे दुकान एक संध्याकाळ टिकलं नसतं. चव जाणणारा एकच माणूस त्या इमारतीत होता, वॉचमन कोंडीबा. त्यानं आठ वर्षांपूर्वी सोडली होती आणि त्याला गच्चीवर यायला मनाई होती.

मग न पिणारी माणसं प्यायला बसली कशी? तर मुतखड्यामुळे. खडा झाला की बियर प्या, हे आपल्याकडे पानटपरीवरही सांगतात. ईश्वरप्पांना चौदा मिलिमीटरचा खडा झाला होता. आयुष्यभर बाजार समितीत तुरीचा दाणा चिमटीत धरून भाव सांगणारा हा माणूस ऑपरेशन म्हटलं की लहान मूल होई. नुसती बियर पिणं त्यांच्या घरात बसणारं नव्हतं. पण साधनेतून सिद्ध झालेली, आत्मा उतरलेली, बारा बैठकांत खडा विरघळवणारी बियर? ते औषध झालं. पहिल्या बैठकीनंतर त्यांना रात्रभर लघवीला झालं आणि सकाळी हलकं वाटलं. बियर प्यायल्यावर लघवी होते हे कळायला स्कॉटलंडला जावं लागत नाही. पण ईश्वरप्पांनी ऑपरेशनची तारीख रद्द केली, आणि त्यांचं बघून आणखी दोघांनी.

त्यांची मुलगी चंद्रिका टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याच्या प्रयोगशाळेत आहे. चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. डॉक्टरांनी मंगळवारची नवी तारीख दिली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं, की डावं मूत्रपिंड सुजलंय, आणखी महिना काढला तर ते हातचं जाईल. अप्पांचं उत्तर एकच, अजून नऊ बैठका व्हायच्यात.

“आबासाहेब, तुम्ही तिन्ही बैठकांना होता,” ती म्हणाली. “तुम्हाला काय दिसलं?”

गिरणीच्या गोदामात मी सदतीस वर्षं आवक-जावक लिहिली. सवय जात नाही. मी तिला सांगितलं, की तुझा गुरुजी म्हणतो, पिंपातला तिसरा हिस्सा देवदूत पितात. पिंपातली दारू लाकडातून थोडी उडून जाते आणि तिकडे तिला गमतीनं देवदूतांचा वाटा म्हणतात, इथवर खरं आहे. पण मी ग्लास मोजले. आत आठ बाटल्या गेल्या आणि बाहेर अकरा बाटल्यांचा माल आला. तुझे देवदूत पीत नाहीत, ओततात. शिवाय त्रेचाळीस डिग्रीत दिवसभर गच्चीवर तापलेल्या लाकडातून बर्फगार बियर येते आणि पिंपाखालची फरशी ओली असते.

ती हसली नाही. म्हणाली, फरशीचं मागाहून बघू, उद्या आधी रंगाचं बघते.

चौथ्या बैठकीला चंद्रिका पुढच्या रांगेत बसली. सयाजीराव खुलले, शिकलेली पोरगी वळली असं त्यांना वाटलं. तिनं वाटणीचा ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही. पिशवीतून पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडाच्या दोन पट्ट्या काढल्या. एकीच्या टोकाशी त्या बियरचा थेंब दिला. दुसरीवर घरून बाटलीत आणलेल्या पाण्याचा थेंब दिला. जोंधळे काळे होईपर्यंत भाजून उकळलेलं ते पाणी होतं. दोन्ही पट्ट्या मिठाच्या पाण्याच्या पेल्यात, थेंब पाण्याच्या वर राहतील अशा लटकवल्या आणि हात बांधून बसली. कारखान्यात रंगात भेसळ आली की तिच्या प्रयोगशाळेत हेच करतात.

सयाजीरावांनी विचारलं, हा कुठला विधी.

“तुमचा आत्मा वर चढतोय का ते बघतेय,” चंद्रिका म्हणाली.

वीस मिनिटं त्यांचं प्रवचन चाललं, पण ऐकत कुणी नव्हतं. माना पेल्याकडे होत्या. पाणी पट्ट्यांतून वर चढत होतं. जोंधळ्याचा डाग वर जाताना फिका झाला, पण तपकिरीच राहिला. बियरचा डाग फुटला. सगळ्यात वर निळा, त्याखाली पिवळा, आणि मागं रेंगाळलेला लाल.

चंद्रिकानं पट्ट्या वडिलांच्या हातात दिल्या. काळी बियर भाजलेल्या धान्यानं काळी होते, तिनं सांगितलं, आणि भाजलेलं धान्य असं तीन रंगांत फुटत नाही. हा मिठाईचा खायचा रंग आहे, तीन पुड्यांचा. अशा पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली बियर जगात खरोखर असते आणि तिला लाकडाची चवही येते. पण तीसुद्धा नुसती दारूच असते, औषध नव्हे, आणि ही तर तीही नाही.

सयाजीराव म्हणाले, सोलापूरचं पाणी जड आहे, त्यानं आत्मा फुटतो.

मी खाली हाक मारून कोंडीबाला स्क्रूड्रायव्हर घेऊन बोलावलं. सयाजीराव पिंपाच्या आडवे आले. पिंपाचा अपमान झाला तर शाप लागेल, म्हणाले. ईश्वरप्पा उठले आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं. चार बैठकांत ते पहिल्यांदाच कुणाच्या आधाराशिवाय उठले होते. राग हे त्या संध्याकाळचं एकमेव खरं औषध होतं.

कोंडीबानं झाकण काढलं. आत जत्रेतल्या सरबतवाल्याकडे असतात तसे दोन जार, भोवती बर्फ. नरसाळं एका जारात उतरत होतं, तोटी दुसऱ्याला जोडलेली होती. पहिल्यात आज ओतलेली पिवळी बियर जशीच्या तशी. दुसऱ्यात आधीच कालवून ठेवलेला काळा माल. तोटीच्या मागं व्हिस्कीत भिजवलेला बोळा. कोंडीबानं काळ्या जारावर नाक नेलं आणि लगेच मागं घेतलं.

“स्वस्तातली बियर हाय, कॉफीची पूड हाय,” तो म्हणाला. “मी प्यायचो तवा बी असलं न्हाय प्यालो. आन तुमी शिकलेली माणसं वळीनं बसून पिताय व्हय?”

रुद्रप्पा एवढंच म्हणाले की खोबरं मात्र लागत होतं. सयाजीराव पिंप तिथंच टाकून गेले आणि जाताना हार नेला, कशासाठी ते त्यांनाच माहीत.

“साकु,” ईश्वरप्पा म्हणाले. पुरे झालं हे सांगायला त्यांना कन्नडच आठवतं. मंगळवारी ते ऑपरेशनला गेले. मूत्रपिंड वाचलं. डॉक्टरांनी दुर्बिणीनं खडा फोडून काढला आणि सगळ्यात मोठा तुकडा डबीत घालून हातात दिला.

तो तुकडा आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्या संध्याकाळच्या काळ्या मालाची एक बाटली चंद्रिकानं राखून ठेवली होती, तिच्यात तो बुडवलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, बियरनं खडा विरघळतो म्हणतात, खरं का? ईश्वरप्पा बाटली गाळणीतून पातेल्यात ओततात, खडा चिमटीत धरतात, तुरीचा दाणा दाखवावा तसा दाखवतात आणि पाहुण्याच्या हाती मोजपट्टी देतात. अडीच महिने झाले. घालताना सहा मिलिमीटर होता. आजही सहाच आहे.

आपल्याकडे तोटी पाहणारे चाळीस असतात आणि पिंपाखालची ओली फरशी कुणी पाहत नाही. एवढंच करा. कुणी गुरुजी तुमच्या पोटात काही उतरवायला निघाला, तर आधी त्याचं झाकण उघडायला सांगा. नाही म्हणाला तर ग्लास खाली ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळा.