करंटची पेटी आणि काकूंचा खोकला

मी करंटची पेटी बोलतेय. करंट म्हटल्याबरोबर हात मागे घेतलात ना? सगळे तसंच करतात. अहो, जेवणाच्या डब्याएवढा माझा जीव, एक गोल बटण आणि दोन वायरी. मुंगीनं नुसती विचारपूस करून जावं, तेवढाच माझा झटका.

कारखान्यात भिंगातून बघत डाख देणाऱ्या एका बाईनं मला जोडलं. शेजारणीला जावेची तक्रार सांगता सांगता तिनं माझं झाकण लावलं आणि ती गोष्ट अर्धीच राहिली. पुढे त्या जावेनं काय केलं, देव जाणे. तेव्हापासून मला अर्धवट गोष्टींचा भारी त्रास होतो.

नशीब बघा, कामही तसंच मिळालं. डॉक्टरीणबाईंनी हाताची तुटलेली, स्पर्श कळवणारी नस शिवली, की तासभर मी तिला टिकटिक करत हलका करंट द्यायचा. वाढते ती आपली आपणच, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. मी फक्त तिला लवकर कामाला लावते. तास संपला की मला पुसून व्यायामाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवतात. पुढे त्या हाताचं काय झालं, ते तिथूनच डोकावून बघायचं.

शिंपीमास्तर असेच आले. खिडकीचं तावदान बसवताना काच मनगटात घुसली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी झाली. चिमटीत कापड आहे की नाही, तेही कळेना. माझा करंट घेता घेता ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, वर्षभरात बोटं बोलली नाहीत तर दुकान भाच्याला देऊन टाकीन. त्या भाच्याला सरळ शिलाईसुद्धा मारता येत नाही, हे तोवर मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, बाहेर सगळ्यांना सांगून झालं होतं.

व्यायामाच्या ताई दर पंधरा दिवसांनी परीक्षा घ्यायच्या. मास्तरांनी डोळे मिटायचे, ताई बोटाच्या टोकाला बारीक दोरा टेकवणार, लागलं की सांगायचं. काकू शेजारच्या स्टुलावर. चार महिने मास्तर "नाही"च म्हणत होते. आणि कळायला लागेपर्यंत गरम इस्त्रीला हात लावायचा नाही, अशी ताईंची ताकीद. इस्त्रीशिवाय शिंप्याचं दुकान उघडणार कसं?

पाचव्या महिन्यात मास्तर एकदम पैकीच्या पैकी. ताई खूश, मीही फुगले. मग माझ्या लक्षात आलं. दोरा टेकला की काकू हळूच खोकायच्या. नवराबायकोचं घरूनच ठरलेलं. सांगणार कोणाला? मला तोंड कुठंय. ताईंनी इस्त्रीला परवानगी देऊन टाकली.

पुढच्या खेपेला मास्तर बोटावर टपोरा फोड घेऊन आले. म्हणे, बोट दारात सापडलं. त्या दिवशी काकूंना खरोखरची सर्दी. दोरा अजून ताईंच्या हातातच होता, आणि काकू खोकल्या.

"लागलं," मास्तर म्हणाले.

पुन्हा खोकल्या. पुन्हा लागलं. मग काकूंना अशी उबळ आली की मास्तरांना ओळीनं पाच वेळा लागलं.

ताईंनी दोरा खाली ठेवला, फोड निरखून पाहिला. "काका, हा फोड इस्त्रीचाच आहे ना? तुमच्या 'नाही'वरच मी पुढचा व्यायाम ठरवते हो."

"नाही म्हणून म्हणून जीव विटला, ताई," मास्तर मान खाली घालून म्हणाले.

काकूंची रवानगी दाराबाहेर झाली, इस्त्री बंद झाली. पुन्हा 'नाही' सुरू झालं, पण खरं. मग कधी 'मुंग्या येतात', कधी 'काहीतरी आहे खरं'. वर्ष भरत आलं तेव्हा काकूंनी दुकानातल्या चिंध्यांची पिशवी आत पाठवली. मास्तरांनी डोळे मिटून हात घातला. बराच वेळ एक तुकडा चोळत राहिले.

"हे सुती. हे अस्तर. आणि हा कॉलरचा कॅनव्हास, उलट्या बाजूनं."

दाराबाहेर खोकला ऐकू आला. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "आता खोकू नकोस गं. कळतंय मला."

एक बोट अजून जरा ढच आहे, पण दुकान मास्तरांचंच राहिलं. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी खोळ शिवून आणली, निळी, कडेला गोट लावलेली. एक टाका वाकडा आहे. तोच मला सगळ्यात आवडतो. पंचाईत एवढीच की खोळीतून आता काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणून हात जोडून सांगते, जोडायला वायरीच आहेत तरी: या खोलीत आलात तर 'नाही' असेल तर 'नाही'च म्हणा, आणि 'लागलं' असेल तर जरा मोठ्यानं म्हणा. माझ्या तासाचं पुढे काय झालं, ते मला कळायला नको?